दुक्मचं वॉशर-चलन

ओमानमधल्या दुक्मच्या कामगार कॅम्पात सुट्ट्या नाण्यांची चणचण भासू लागली आणि स्टोअरकीपर एकनाथरावांमधला अर्थतज्ज्ञ जागा झाला. घरी परतणाऱ्या एका जर्मन इंजिनियरने त्यांना महायुद्धातलं एक जस्ताचं नाणं भेट दिलं होतं. तेव्हापासून जर्मनीबद्दल बोलायचा मक्ता आपल्याकडे आहे, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

"जहूर, सुट्ट्यांऐवजी चॉकलेटं कसली वाटतोस?" कॅम्पातल्या एकुलत्या एक दुकानात त्यांनी व्याख्यान सुरू केलं. "लढाईत तांबं तोफांना गेलं, तेव्हा जर्मनीतल्या नगरपालिकांनी स्वतःची नाणी पाडली. लोखंडाची, जस्ताची! तुला काय धाड भरलीय?"

"मी पाडीन वो," रत्नागिरीचा जहूर म्हणाला, "पन लोखंड कोन देनार?"

लोखंड कंपनीने दिलं. म्हणजे कंपनीला न विचारता एकनाथरावांनी दिलं. स्टोअरमधले पाचशे वॉशर, प्रत्येकावर ठोकलेलं इंग्रजी 'जे' अक्षर, किंमत पंचवीस बैसा, म्हणजे आपले पाचेक रुपये. महिनाअखेरीस चिपळूणला लेकीचा साखरपुडा होता. रजेआधी वॉशर परत आणून ठेवू, त्यात काय एवढं! आठवड्याभरात न्हावीसुद्धा वॉशर घेऊ लागला. एकनाथराव छाती काढून हिंडू लागले.

आणि मस्कतच्या हेड ऑफिसातून हिशेब तपासणाऱ्या कौशिकचा फोन आला. "उद्या माल मोजायला येतोय. सगळं जुळलं की तुमच्या रजेवर सही."

एकनाथरावांची पाचावर धारण बसली. 'वॉशर द्या, रोख घ्या,' असा निरोप त्यांनी कॅम्पभर धाडला. रांग संपेना. एकही कमी पडू नये म्हणून ते येईल तो वॉशर घेत गेले. खिसा रिकामा झाला, पण खोका काठोकाठ भरला.

दुसऱ्या दिवशी कौशिकने खोका दोनदा मोजला. "पाचशे हवेत. आठशे बारा आहेत."

"म्हणजे जास्तच आहेत की, साहेब!"

"कमी असते तर हरवले म्हणून लिहिलं असतं, एकनाथराव. हे तीनशे बारा कशातून निघालेत?"

अक्षरं ठोकायचे ठसे वर्कशॉपमध्ये सगळ्यांनाच मोकळे होते. वॉशर तर खाटांना होते, एसींना होते, पाण्याच्या टाक्यांना होते. वॉशर जिथले तिथे बसेपर्यंत रजा नाही, असं लिहून कौशिक निघून गेला.

साखरपुडा एकनाथरावांनी मोबाइलवर पाहिला, टाकीखाली उताणे पडून.

"बाबा, एवढं काय महत्त्वाचं काम निघालं?" लेकीने विचारलं.

"चलन मागे घेतोय गं," ते पाना फिरवत म्हणाले. रडू आवरत नव्हतं आणि डोळे पुसावेत तर दोन्ही हात ग्रीसने माखलेले होते.