शुद्ध श्रवण मंडळ आणि माझे कान

संगणकातून निघणारं गाणं म्हणजे नुसते शून्य आणि एक; ते कुठल्याही संगणकातून निघालं तरी तेच राहतं, याबद्दल जगभरच्या शास्त्रज्ञांचं एकमत आहे. अर्थात त्यांच्यापैकी एकानेही आमच्या तैनान शहर शुद्ध श्रवण मंडळाच्या बैठकीला हजेरी लावलेली नाही.

मंडळाच्या पाहणीनुसार संगणक बदलला की आवाज बदलतो, हे शंभर टक्के सभासदांना स्पष्ट ऐकू येतं. (ज्याला येत नाही त्याचं सभासदत्व आपोआप रद्द होतं, त्यामुळे टक्का कधी घसरत नाही.) माझा संगणक तर खास गाण्यासाठी बांधून घेतलेला. त्याचा पंखा काढला, पडदा काढला. आता त्याला गाण्याशिवाय काही येत नाही. बैठकीच्या वेळी वीज शुद्ध राहावी म्हणून फ्रिज बंद ठेवायचा नियम आहे. आतल्या मासळीचं काय होतं, हा विषय मंडळाच्या कक्षेबाहेरचा आहे.

तक्रार फक्त माझ्या बायकोची, युए-शियाची. ती जेवायला हाका मारी आणि मी ओ देत नसे. शेवटी तिने हाका सोडल्या आणि माझ्या खोलीचा दिवा चालू-बंद करू लागली. त्याने तारेत गोंगाट शिरतो, हे मी तिला प्रेमाने समजावलं.

"अहो, कान दाखवा," ती म्हणाली, "नाहीतर मी चालले मुलीकडे शिन्चूला. तिथं नातू तरी ओ देतो."

मी घाबरलो. तिच्याशिवाय माझा एक दिवस निघत नाही. मंडळाचे अध्यक्ष फंग यांना सोबत घेऊन मी दवाखाना गाठला.

"काका, बारीक आवाज तुम्हाला जवळजवळ ऐकूच येत नाहीत," तपासून डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कानाला यंत्र लावा."

फंगनी टेबलावरच्या संगणकाकडे बोट दाखवून विचारलं, "हे आवाज ह्याच संगणकातून सोडलेत? ह्याच्यावरच बिलंही करता?"

"हो."

"ऊठ रे! ह्या डब्यातला आवाज ऐकू न येणं हे चांगल्या कानाचं लक्षण आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही माझा संगणक उचलून दवाखान्यात नेला. बाईंनी कपाळाला हात लावला, पण संगणक तपासणीच्या यंत्राला जोडला. माझ्या कानांचा आलेख आला तो रेघेला रेघ जुळून कालचाच. मंडळाने तातडीची सभा घेऊन एकमताने ठराव केला, की दवाखान्याखालच्या दुकानात बर्फाचा चहा घुसळायचं यंत्र चालू होतं. सबब दोन्ही तपासण्या बाद.

ही आनंदाची बातमी सांगायला मी धावत घरी आलो. हाका मारल्या. ओ नाही.

"त्या तर सकाळीच गेल्या, शिन्चूला," शेजारीण ओरडून म्हणाली. "तुम्ही तो डबा उचलत होतात तेव्हा दारातून सांगत होत्या. तुम्ही मान हलवलीत की!"

घर आता अगदी शांत आहे. मंडळाच्या मते श्रवणाला आदर्श. मला मात्र ते खायला उठतं.

हसा, खुशाल हसा. पण हे वाचताना मघाशी आतल्या खोलीतून तुम्हाला कुणीतरी काहीतरी विचारलं, आणि तुम्ही "हं" म्हणालात. काय विचारलं होतं?