सीटखालची काळी डबी

फाटकाची कडी वाजली आणि अंगदने मोटारसायकलचे सीट घाईने मिटून त्यावर बसकण मारली. हातातला पाना लपवायला जागा सापडेना, म्हणून तो त्याने पाठीमागे सदऱ्याखाली कमरेला खोवला.

भय अकारण नव्हते. ती मोटारसायकल त्याचे श्वशुर सर्जेराव यांच्या मालकीची. एस.टी.च्या चालकपदावरून निवृत्त होताना त्यांनी ती हौसेने घेतली आणि गुडघे कुरकुरू लागल्यावर जावयाच्या स्वाधीन केली. स्वाधीन करताना अट घातली ती एकच. "कंपनीनं जे जसं बसवलंय, त्येला हात लावायचा न्हाई. चालत्या गाडीला बोट लावायचं न्हाई."

अंगदने विनयाने मान डोलावली होती. परंतु पुढे माजलगावच्या एका साखर कारखान्यात कारकुनी करताना, दुपारच्या रिकाम्या वेळी, त्याने मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. आणि विनय तेथेच संपला. इंजिनाला जाणारे पेट्रोल कमी-जास्त करणारी एक काळी डबी त्याने घरपोच मागवली व सीटखाली गुपचूप बसवली. बसवणे सोपे, मेळ घालणे कठीण. बटण दाबावे, डबीवरचा दिवा हिरव्याचा पिवळा, पिवळ्याचा लाल करावा, इंजिनाचा सूर ऐकावा आणि पुन्हा बटण दाबावे. लाल म्हणजे पेट्रोल भरपूर. आज सकाळी दिवा लाल झाला, आणि आता तो उतरवावा कसा हे व्हिडिओतला मनुष्य सांगणार, तोच नेट गेले.

"अंगदराव, काढा गाडी!" सर्जेराव घामाने निथळत आत आले. "जीप गेली मला टाकून. त्या टेलरनं सदऱ्याची काजंच केली नव्हती!"

चकलांब्याला त्यांच्या भाचीचे, मंजुषाचे, लग्न होते. वधूला अंतरपाटापाशी आणायचे ते मामाने. मामा नाही तर वधू खोलीतून हलायची नाही. आणि सर्जेराव हे एकुलते एक मामा.

"मामा, दुसरी गाडी बघू का? हिचं जरा..."

"हिला काय झालं? का हात लावला तुमी?"

"छे! मी कशाला हात लावतोय?" अंगद म्हणाला, आणि कमरेचा पाना त्याला अंमळ टोचला.

गावाबाहेरच्या पहिल्या स्पीडब्रेकरपर्यंत सर्व कुशल होते. वेग कमी करावा म्हणून अंगदने ॲक्सिलरेटरची मूठ सोडली, आणि बुडाखालून बंदुकीचा बार उडावा तसा आवाज झाला.

"ट्यूब फुटली का?"

"न्हाई मामा. शिकारी असंल कुणी. उसात रानडुकरं लई झाल्यात."

दुसऱ्या स्पीडब्रेकरवर बार पुन्हा उडाला. सर्जेरावांनी दोन्ही बाजूंची शेते शांतपणे न्याहाळली. "हितं तर समदी कपाशी हाय. कपाशीत कुठलं डुक्कर?"

अंगदने मोकळ्या रस्त्यावर हॉर्न वाजवला.

"सायलेन्सरातनं वाजतंय. पेट्रोल ज्यास्त पेतीय गाडी. थांबवा, सीट खोला, खालचा पाना घेतो अन् प्लग बघतो."

"सीटचं कुलूप जाम झालंय, मामा."

"आना हिकडं चावी, मी खोलतो."

"मंजुषा वाट बघत असंल मामा! मुहूर्त टळला तर?"

या वाक्याने सर्जेरावांनी चावीसाठी पुढे केलेला हात मागे घेतला. गाडी एकदा जरी थांबली, तरी सीट उघडणार होते. शिवाय मूठ सोडली की बार उडतो, हेही आता कळून चुकले होते. तेव्हा मूठ सोडायचीच नाही, असा त्याने निश्चय केला. पुढचे सर्व स्पीडब्रेकर त्याने वेगात उडवले.

"अंगदराव, लग्नाला चाललोय का वडापची जीप हाकतोय?" मागून सर्जेराव ओरडले. त्यांचा फेटा सुटून शेपटासारखा हवेत फडफडत होता.

अशा रीतीने ते चकलांब्याच्या वेशीशी आले, आणि ऐन वेशीत म्हशींचा कळप आडवा उभा होता. अंगदने इष्टदेवतेचे स्मरण केले आणि मूठ सोडली.

एक बार उडाला, मग दुसरा, मग आवाजांची माळच लागली.

आता वेशीवर बार उडाले की नवरदेव मारुतीच्या पाया पडून मंडपाकडे निघाला, हा तेथला सर्वमान्य संकेत. मंडपाजवळ सावलीत पहुडलेले बँडवाले खडबडून उठले आणि वाजवत निघाले. पाठोपाठ आरतीचे ताट घेतलेल्या बायका आणि हार सावरत वधूपिता बिभीषण. धुराळ्यात त्यांना काही नीट दिसले नाही. हार सर्जेरावांच्या गळ्यात पडला.

"आरं बिभीषणा, डोळे उघड! म्या मेहुणा हाय तुझा!"

"पाव्हणं, तुमी?" बिभीषणाचा चेहरा पडला. "मंग नवरदेव कुठाय?"

नवरदेव गावाच्या दुसऱ्या टोकाला शाळेच्या मैदानात होता. वऱ्हाडाने पोहे खाल्ले होते, चहा चालू होता, आणि मित्रमंडळी दोन-अडीच तास नाचूनच मंडपात येणार होती. इतक्यात त्यांनी वेशीवरचे बार ऐकले, बँड ऐकला, आणि एक बातमी ऐकली, की वधूकडच्यांनी कोणालातरी हार घातला. चहाचे कप जागच्या जागी राहिले. नवरदेव नाचणे विसरून, घोड्याची वाट न पाहता, पळतच मंडपाकडे निघाला. मागे करवली, मागे वरपिता, एका हातात चप्पल.

ध्वनिक्षेपकावरून गुरुजींचा कापरा आवाज आला, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावे." गळ्यातला हार तसाच ठेवून सर्जेरावांनी मंजुषाला आणले. मंगलाष्टके संपली, अक्षता पडल्या. मुहूर्त अचूक साधला होता. त्या गावात असे घडलेले कोणाच्याच आठवणीत नव्हते. गुरुजींनी घड्याळ दोनदा पाहिले आणि डोळे पुसले.

पंगत बसताच अंगद हळूच सटकला. मंडपामागे गाडी उभी करून त्याने सीट उघडले, कमरेचा पाना काढला आणि डबीचा पहिला नट सैल केला. तेवढ्यात त्याच्या हातांवर सावली पडली.

सर्जेराव उभे होते. त्यांनी डबीकडे पाहिले, तारांकडे पाहिले, मग जावयाकडे पाहिले.

"हे कंपनीचं न्हाई."

"न्हाई मामा."

"तुमीच बसवलं?"

"व्हय. चुकलं मामा. आत्ताच काढतो."

सर्जेरावांनी वाकून त्याच्या हातातला पाना काढून घेतला. "आपल्या भावकीतल्या बायनाबाईच्या लेकीचं लगीन हाय पुढल्या म्हयन्यात. तिच्याकडं येणारं वऱ्हाड तर लई नाचरं. बाई पंगतीतच माझे पाय धराया लागली, म्हनली, जावयाला गाडी घेऊनच पाठवा. म्या शब्द दिलाय." त्यांनी सैल झालेला नट आपल्या हाताने घट्ट आवळला. "तवा ह्येला हात लावायचा न्हाई."

संध्याकाळी परतताना अंगद पुन्हा पूर्वीइतकाच घाबरलेला होता. फक्त आता भीती डबी बिघडण्याची होती. गेवराई आली. बसस्थानकासमोर एस.टी.चे जुने चालक चहा पीत बसले होते. अंगदने लाजेने मूठ पिळूनच धरली.

मागून खांद्यावर हलकेच थाप पडली.

"अंगदराव, दोस्तमंडळी बसल्यात आपली. सोडा की येक."