बटणकाम

बबनआबा स्वतःच्या घरातला दिवा स्वतः लावत नाहीत. तिन्हीसांजा झाल्या की ते अंगणात जातात, घराकडे पाठ करून उभे राहतात आणि दुसऱ्या कुणीतरी आत जाऊन बटण दाबायची वाट बघतात. पाठ कशासाठी, तर विजेने तोंड ओळखू नये म्हणून. एरवी माणूस ठणठणीत आहे. सत्तरी उलटली तरी भाताचे भारे डोक्यावरून वाहतो आणि साप निघाला तर आख्खी आळी आधी त्यांना हाक मारते. पण भिंतीवरच्या पांढऱ्या बटणापुढे त्यांचा हात वर उठत नाही.

मळवलीला आमचं आणि त्यांचं घर शेजारी, मध्ये निरगुडीचं कुंपण. मी लग्न होऊन इथे आले त्याच आठवड्यात कुंपणापलीकडून हाक आली, "सूनबाई, जरा येता का? बटन दाबायचंय." मी घाबरतच गेले. ओट्यावर मिक्सर, त्यात ओलं खोबरं, मिरच्या. हौसामावशी, म्हणजे आबांची बायको, कामशेतच्या बाजाराला गेली होती. आबा मला जागा दाखवून अंगणात निघून गेले. मी बटण दाबलं, मिक्सर फिरला, चटणी झाली. आबा दारातून डोकावून म्हणाले, "बघा. तुमच्या हातानं कसं गुमान चालतंय. माझ्याशी त्याचं वाकडं हाय."

'वाकडं हाय' हे त्यांचं पालुपद. कमीअधिक फरकाने सगळ्याच यंत्रांचं त्यांच्याशी वाकडं. घरात पहिला टीव्ही आला, सुपारी-नारळ झाला, मान म्हणून रिमोट आबांच्या हातात दिला, आणि त्यांनी बटण दाबताच टीव्हीच्या पोटातून करपल्याचा वास आला. शेतातल्या पंपाचा स्टार्टर त्यांनी दाबला की मोटार जळायची. तीच मोटार वायंडिंग करून आणली आणि मावशीने सुरू केली की पाणी धो धो. लेकीने मोबाइल दिला तो भाताच्या रोपात पडला. दुसरा दिला तो म्हशीने चाटला आणि चाटून झाल्यावर त्याने राम म्हटला. तिसरा आबांच्या खिशात असेपर्यंत मुका असायचा आणि मावशीने फळीवर ठेवला की वाजायचा. कामशेतला एटीएमने त्यांचं कार्ड गिळलं तेव्हा बाहेरचा वॉचमन हळहळला, आणि आबांनीच त्याची समजूत काढली की तुझा दोष नाही बाबा, हे व्हायचंच होतं.

मला या गोष्टींचा फार राग यायचा. मी लोणावळ्यात विम्याच्या कचेरीत काम करते. अपघाताला कारण असतं, हे माझं रोजचं खाणं आहे. मी आबांना समजावून सांगितलं की आपल्याकडे पावसाळ्यात कपाटातल्या चपलांना बुरशी येते, मग त्या टीव्हीच्या आत काय होत असेल. त्यात व्होल्टेज कधी दिव्याची वात असावी इतकं बारीक, कधी बल्ब फुटेल इतकं. यंत्रं जळणारच. आबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग पाऊस तुमच्या घरावर पडत न्हाई व्हय?" आमचा टीव्ही लग्नातला, अजून धडधाकट होता. मी विषय बदलला.

त्यांच्या या दैवाची ख्याती बंगल्यांपर्यंत पोचली होती. आबा आणि मावशी वरच्या अंगाला मुंबईच्या एका साहेबांचा बंगला सांभाळायचे. साहेबांनी रिमोटवर उघडणारं फाटक बसवलं. आबा दहादा नको म्हणाले. साहेब हौशी, त्यांनी आबांच्याच हाताने मुहूर्त करायचा हट्ट धरला. फाटक उघडलं ते झोकात, पण गाडी निम्मी आत शिरल्यावर बंद व्हायला लागलं आणि दोन्ही दारांनी गाडी कमरेत धरली. आतून साहेब काचेवर हात आपटतायत, बाहेर आबा रिमोट जमिनीवर ठेवून हात जोडून उभे. शेवटी मावशीने रिमोट उचलून गाडी सोडवली. त्या दिवसापासून बंगल्यावर कामाची वाटणी झाली. माळीकाम आबांकडे, बटणकाम मावशीकडे. फाटक, गीझर, इन्व्हर्टर, एसी, सगळे रिमोट रबराने बांधून मावशीच्या कमरेच्या पिशवीत. आबा गुलाब छाटायचे आणि मावशी बंगला चालवायची.

हौसामावशी वाळक्या शेंगेएवढी बाई. बोलणं तोडून टाकणारं. भाजीवाला, बंगल्याचे साहेब, कुणाची भीड ठेवत नसे. पण आबांच्या या खुळावर ती कधी हसली नाही. सांजेला आबा अंगणात पाठ करून उभे राहायचे, ती आत जाऊन दिवा लावायची आणि आतूनच हाक द्यायची, "या आता आत. लागला." मी एकदा तिला एकटीला गाठून विचारलं की मावशी, तुमचा तरी यावर विश्वास आहे का. ती तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "खरं असू दे न्हाईतर खोटं. मी हाय की दाबाया."

पुढे मावशीला रक्तदाब निघाला. त्यांची एकुलती लेक सुरेखा तळेगावात असते, तिने घरी मोजायचं मशीन आणून दिलं. दंडाला पट्टा बांधायचा, बटण दाबायचं, पट्टा फुगतो आणि आकडा येतो. मावशी रोज सकाळी चहाच्या आधी स्वतः पट्टा बांधायची, स्वतः बटण दाबायची. आबा त्या वेळी गोठ्यात जाऊन बसायचे. आकडा किती आला ते ती ओरडून सांगायची. एकशे साठच्या वर गेला की मला लगेच कळवा, असं सुरेखाने दोघांनाही बजावलं होतं.

मागच्या वर्षी लावणीच्या दिवसांतली गोष्ट. आम्ही घरचे सगळे रेल्वेच्या पलीकडच्या खाचरात होतो. मीही रजा टाकून चिखलात उतरले होते. दुपार कलली तेव्हा बांधावरून डोक्यावर इरलं घेतलेले आबा येताना दिसले. जवळ येऊन म्हणाले, "सूनबाई, जरा येता का? बटन दाबायचंय." खाचरात हशा पिकला. सासूबाई म्हणाल्या, जा बाई, कुणाचं तरी वाटण अडलंय. मी हात धुतले आणि निघाले. आबा नेहमीच्याच चालीने पुढे चालत होते.

रूळ ओलांडल्यावर मी विचारलं की मावशी कुठे गेल्या. ते म्हणाले, "पडलीय. टक्कुरं फुटतंय म्हनली. हात उचलंना, मंग मला म्हनली तुमीच दाबा. मी दाबलं, तर मशीन दोनशे वीस म्हनतंय." आणि माझ्याकडे वळून, समजूत घातल्यासारखं, "माझ्या हातानं दाबलं न्हवं. म्हनून."

मी धावत सुटले. मावशी पडवीत घोंगडीवर आडवी होती, तोंड एका बाजूला ओढलेलं. डोळे उघडे होते आणि ते दाराकडे लागले होते. सगळं कळत असूनही मी आधी बटण दाबलं, कारण मला तेवढ्यासाठीच बोलावलं होतं आणि हातांना दुसरं काही सुचलं नाही. पट्टा फुगला. दोनशे चोवीस. आबा अंगणात पाठ करून उभे होते. त्यांनी तिथूनच विचारलं, "किती?"

मी आकडा सांगितला.

जीप मिळाली, लोणावळ्याला नेलं, तिथून पुढे तळेगावला. मेंदूत रक्तस्राव झाला होता. दोन दिवसांनी मावशी गेली. लवकर आणलं असतं तर वाचली असती का, हे सुरेखाने डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. आबा तिथेच बाकावर बसले होते. त्यांनी ते ऐकलं.

दिवसकार्य झाल्यावर आबांनी बंगल्याचं काम सोडलं. माळीकाम एकट्याला करता आलं असतं, पण साहेबांना फाटक उघडणारा माणूस हवा होता. मग आबांच्या घरात अंधार सुरू झाला. पूर्वी मावशी कुठे गावाला गेली तर ते कुणालातरी हाक मारायचे, त्यात एक गंमत असायची. आता त्यांनी हाकही मारणं सोडलं. चुलीवर भाकरी, आडाचं पाणी, अंधारात जेवण. मलाच ते बघवेना. कचेरीतून आले की मी आधी त्यांच्या घरात शिरायचे, दिवा लावायचे, सकाळी जाताना मालवायचे. ते अंगणात पाठ करून उभे राहायचे तेवढे कायम राहिले.

सुरेखाला हे सहन होईना. यंदा खंडेनवमीला ती नवऱ्याला घेऊन आली. जावई कारखान्यात इलेक्ट्रिशियन. त्याने सुट्टी घालवून घरभर नवी वायर ओढली, नवा बोर्ड बसवला, स्टॅबिलायझर लावला. त्या दिवशी आपल्याकडे विळा, कोयता, नांगर सगळ्याला हळदकुंकू वाहतात. सुरेखाने नव्या बोर्डालाही झेंडूचं फूल लावलं आणि म्हणाली, "आबा, आता तुमी दाबा. काय बी होणार न्हाई."

आम्ही सगळे उभे होतो. मीही म्हटलं, दाबा हो आबा, बघा तरी. मला खरोखर वाटत होतं की आज या खुळाचा सोक्षमोक्ष लागेल. आबा बोर्डापुढे आले. बोट उचललं, बटणाच्या अगदी जवळ नेलं. मग त्यांनी हात खाली घेतला आणि गोठ्याकडे निघून गेले.

सुरेखा रडली, मग चिडली. म्हणाली, मी रोज रात्री तळेगावात अंथरुणावर पडून यांच्या अंधाराचा विचार करते, माझ्याच्याने आता होत नाही. मग गोठ्यात जाऊन आबांना म्हणाली, येत्या रविवारी गाडी घेऊन येते, म्हैस विकायची, घराला कुलूप, आणि तुम्ही माझ्याकडे चला. आबांनी मान हलवली नाही आणि नाहीही म्हटलं नाही. तळेगावात ती पाचव्या मजल्यावर राहते. लिफ्टची बटणं, दाराची बेल, गॅसचा लायटर. त्या घरात आबा म्हणजे कोपऱ्यातली खुर्ची होऊन बसले असते.

शनिवारी सांजेला मी त्यांच्याकडे गेले तेव्हा ते पडवीत मावशीच्या घोंगडीच्या जागेजवळ बसले होते. मांडीवर ते मशीन. घरातली इतकी यंत्रं मेली, हे एकच जिवंत. मला फार राग आला होता, थोडा त्यांचा, थोडा सुरेखाचा. मी म्हटलं, आबा, एक बटण दाबायचं आहे फक्त. सुरेखाला फोन करून सांगते की तुम्ही दाबलंत, मग कुणी तुम्हाला इथून हलवणार नाही. दिवा लागणारच आहे, माझ्यावर विश्वास ठेवा.

"लागंल," आबा म्हणाले. "मला ठाव हाय, लागंल."

"मग?"

ते मशीनच्या पट्ट्याची गुंडाळी करू लागले. मग म्हणाले, "सूनबाई, माझ्या हातानं जर दिवा लागला, तर माझा हात बरा हाय. मंग त्या दिशी मशीन खरं बोलत हुतं. आन् मी तिला तशीच टाकून, बटन दाबाया मानूस हुडकीत शिवारभर फिरत हुतो."

ओल, व्होल्टेज, वायंडिंग, माझ्याजवळची सगळी कारणं संपली. इतकी वर्षं मी या माणसाला ज्या खुळातून सोडवायला धडपडत होते, त्या खुळाच्याच आधाराने तो उभा होता, आणि मी तोच आधार काढून घ्यायला निघाले होते. माझा चेहरा त्यांना दिसू नये म्हणून मी उगाच गोठ्याकडे बघत राहिले.

गाडी स्टेशनात शिरल्याचा भोंगा झाला. अंधार चांगलाच उतरला होता. मी घरी येऊन सुरेखाला फोन केला आणि सांगितलं की आबांच्या घरी यापुढे रोज दिवा लागेल, ती जबाबदारी माझी, त्यांना इथेच राहू दे. तिने विचारलं की आबांनी बटण दाबलं का. मी म्हटलं, नाही, आणि आता त्यांना ते दाबायला सांगूही नकोस. ती का म्हणून विचारत राहिली. मी सांगितलं नाही. तिच्या बापाने ते तिला सांगितलेलं नव्हतं, मी कोण सांगणारी. शेवटी ती बरं म्हणाली. रविवारी गाडी आली नाही.

त्या शनिवारी फोन ठेवून मी पुन्हा कुंपण ओलांडून गेले. आबा माझी चाहूल लागताच उठले, मशीन जपून फळीवर ठेवलं, अंगणात गेले आणि घराकडे पाठ करून उभे राहिले. मी आत जाऊन बटण दाबलं. नवा बोर्ड, नवी वायर, दिवा लखकन लागला. ते काही वळले नाहीत. एरवी मी दिवा लावला की तशीच माझ्या घरी निघून जात असे. त्या दिवशी उंबऱ्यात थांबले.

"या आता आत," मी म्हटलं. "लागला."

आबांची पाठ हलली. टोपी काढून त्यांनी त्या टोपीनेच तोंड पुसलं, आणि मग ते आत आले.