शेवटच्या भागातलं दार

डॉक्टरांनी कीथला दोन आठवडे दिले आणि त्याच्या थोरल्या भावाने, ट्रेव्हर ऑल्ड्रॉइडने, त्यावरही आपलं मत दिलं.

"सरकारी दवाखान्याचा आकडा आहे. दोन म्हणतात म्हणजे एक धर."

"धीर दिल्याबद्दल आभारी आहे," कीथ उशीवरून म्हणाला.

ट्रेव्हरची मतं इंग्लंडमधल्या हडर्सफील्ड गावात सगळ्यांना पाठ होती. तिथल्या साप्ताहिकात दर गुरुवारी त्याचं पत्र यायचं. बातम्या देणारे विकले गेलेत, दोन्ही पक्ष एकाच माळेचे मणी आहेत, आणि या देशाची अधोगती नेमकी कधी सुरू झाली तर 'शनीपलीकडचं ठाणं' ही मालिका वाहिनीने पुसून टाकली तेव्हा. टेप महाग होती म्हणून कुणा कारकुनाने त्याच टेपवर घोड्यांच्या शर्यती भरल्या. "जे लोक एक टेप जपू शकत नाहीत, ते दिलेला शब्द काय जपणार?" हे वाक्य त्याने चाळीस वर्षांत किमान साठ पत्रांत घातलं होतं. त्या कारकुनाला तो कधी भेटला नव्हता, पण सख्ख्या वैऱ्यासारखा ओळखत होता.

दोघा भावांत एकच खरं भांडण होतं आणि ते एकाहत्तर सालापासून चालू होतं. मालिकेच्या शेवटच्या भागात ठाण्याच्या बाहेरून कुणीतरी दार ठोठावतं. ट्रेव्हर म्हणायचा, कमांडरने दार उघडलं. करकर वाजलेलं त्याला स्वच्छ आठवत होतं. कीथ म्हणायचा, उघडलं नाही, तिथेच मालिका संपली.

"तुझ्याकडे टेप आहे ना?" कीथने विचारलं. "जाण्याआधी एकदा कळू दे."

टेप होती. पोरपणी टीव्हीसमोर मायक्रोफोन धरून दोघांनी नुसता आवाज भरून घेतला होता. ट्रेव्हरने ती कॅसेट बिस्किटांच्या डब्यात जपली होती आणि झिजेल म्हणून पन्नासेक वर्षांत एकदाही वाजवली नव्हती. मालिकेच्या चाहत्यांच्या मंडळाने मागितली तेव्हा त्याने तीन पानी नकार पाठवला होता. आता मात्र तो लगेच उठला.

जुन्या वस्तूंच्या दुकानात एक टेपरेकॉर्डर मिळाला. त्याची पुढे पळवायची कळ तुटलेली होती. तो घेऊन ट्रेव्हर आणि त्याची बायको ब्रेंडा कीथला ठेवलेल्या रुग्णाश्रमात पोचले, तर नर्सने दारातच अडवलं.

"तपासणीची चिकटपट्टी नाही यावर. विजेची वस्तू तपासल्याशिवाय लावता येत नाही."

"मग तपासा."

"तपासणारा गुरुवारी येतो."

"माझा भाऊ गुरुवारपर्यंत थांबेल याची चिकटपट्टी आहे तुमच्याकडे?"

"ट्रेव्हर," ब्रेंडा म्हणाली. नर्सने खाली बघितलं आणि हळूच सांगितलं की सेलवर चालवलं तर नियम लागू होत नाही.

जाडे सेल लागत होते, सहा. ते तीन दुकानांतून गोळा करताना ट्रेव्हरने नियम, नियम करणारे आणि त्यांना मतं देणारे यांचा यथास्थित उद्धार केला. परत आला तेव्हा साडेतीन वाजले होते आणि कीथचा चेहरा सकाळपेक्षा पिवळा दिसत होता. ट्रेव्हरला भीती वाटली. त्याने कॅसेट घातली आणि कळ दाबली.

खरखर झाली. मग एका बाईचा आवाज कचऱ्याच्या डब्यांबद्दल तक्रार करू लागला.

"हे ठाण्यावर आहे?" कीथने विचारलं.

कचऱ्यानंतर एक गृहस्थ कुत्र्यांच्या घाणीवर बोलला. तो रेडिओवरचा श्रोत्यांच्या फोनचा कार्यक्रम होता, अठ्ठ्याऐंशी सालचा. पाठीमागून, लांबून, घरातल्या दिवाणखान्यातून ओरडावं तसा एक तरुण आवाज आला, "ब्रेंडा, माझा नंबर लागतोय. भरून घेतेयस ना? कॅसेट कुठलीही घे गं, जुनी असेल ती."

ब्रेंडा खिडकीबाहेर बघत होती.

"मी डब्यातून काढली आणि डब्यातच परत ठेवली," ती म्हणाली. "तू फोनवर होतास."

पुढे पळवायची कळ नव्हती. त्यामुळे मरणाच्या दारातल्या माणसाला आपल्या भावाचं अठ्ठ्याऐंशी सालचं मत सबंध ऐकावं लागलं. विषय होता, टेप पुसणारा कारकून. "ज्याला आपल्या हातात काय आहे हे बघायचीही तसदी घ्यावीशी वाटत नाही," तरुण ट्रेव्हर गरजत होता, "अशा माणसाला फटके दिले पाहिजेत."

कीथ हसायला लागला. हसता हसता खोकला आला, खोकल्यात रक्त आलं. नर्स धावली.

"बंद करू?" ट्रेव्हरने विचारलं.

"खबरदार," कीथ म्हणाला. "आयुष्यात पहिल्यांदा पटतंय तुझं."

बाविसाव्या मिनिटाला निवेदकाने तरुण ट्रेव्हरचा फोन तोडला. ब्रेंडाने तिथेच भरणं थांबवलं होतं. खट्ट झालं आणि पुढे उरलेला जुना आवाज सुरू झाला. अंधूक संगीत आलं. ठोठावल्याचा आवाज आला, एकदा, दोनदा. कीथने भावाचं मनगट धरलं.

दार करकरलं. स्वच्छ, लांब.

"बघ," ट्रेव्हर पुटपुटला.

"ते दार ढकल रे कीथ," टेपमधून आई म्हणाली. कोळशाची बादली जमिनीवर ठेवल्याचा आवाज झाला. "सगळी थंडी आत येतेय. आणि तो टीव्हीचा डबा बंद करा, चहा निवतोय." दोन पोरं एकदम "श्श्श" म्हणाली आणि टेप संपली.

आई जाऊन एकतीस वर्षं झाली होती.

"म्हणजे ते स्वयंपाकघराचं दार होतं," ट्रेव्हर म्हणाला. "तू बरोबर होतास. कमांडरने उघडलंच नाही."

"उघडलं," कीथ म्हणाला.

"अरे, पण ती आई—"

"ट्रेव्हर, दार उघडलं होतं. तुझंच खरं."

ट्रेव्हरने वाद घातला नाही. कीथ बुधवारी सकाळी गेला. दुसऱ्या दिवशी तपासणारा येऊन टेपरेकॉर्डरला चिकटपट्टी लावून गेला.

त्या आठवड्यात ट्रेव्हरने साप्ताहिकाला चारच ओळी पाठवल्या. त्या कारकुनाबद्दल आपण आजवर फार कठोर बोललो, त्याला घाई असेल, कुणाचा तरी फोन चालू असेल, तरी त्याने माफ करावं, असं त्यात होतं. संपादकाने पत्र दोनदा वाचलं आणि छापलं नाही. ट्रेव्हरच्या नावाने कुणीतरी खोडसाळपणा करतंय, अशी त्याची खात्री पटली.