चौतीस कंबरेचे मास्तर

"लग्नात कंबर चौतीस होती, आजही चौतीसच आहे!"

बाजारपेठेतले शिंपी, म्हणजे सगळ्यांचे मास्तर, हे वाक्य रोज कुणा ना कुणाला ऐकवत. एखादं गिऱ्हाईक श्वास आत ओढून मापाला उभं राहिलं की मग तर त्यांना हमखास चेव येई. समोरच्याचं पोट टेपमधून ओसंडत असताना हे स्वतःच्या कंबरेवर थाप मारून विचारत, "पाहिलंत? काही फरक?" फरक डोळ्यांना दिसत होता, पण ज्याच्या हातात आपली पँट आहे त्याच्याशी वाद कोण घालणार!

धंद्याचा मात्र त्यांचा एक नियम होता. गिऱ्हाइकाच्या वाढलेल्या पोटाबद्दल अवाक्षर काढायचं नाही. पँट घट्ट झाल्याची तक्रार आली की "कापड आटलंय हो" म्हणायचं, शिलाईच्या आत दाबून ठेवलेलं जास्तीचं कापड गुपचूप मोकळं करायचं आणि कडक इस्त्री करून पँट परत द्यायची. गिऱ्हाईक खूश, मास्तर खूश! दुसऱ्या मशीनवर बसणारी त्यांची बायको, जिला सगळे वहिनी म्हणत, ती हे काम इतकं सफाईने करायची की उसवलेली जागा भिंग लावूनही सापडू नये.

त्या दिवशी हृदयाचे डॉक्टर कोटाच्या ट्रायलला आले होते. बाकावर बँकेतले कॅशियरसाहेब बसले होते. त्यांची कंबर नुकतीच चाळीस भरली होती, त्यामुळे ते जरा खिन्न होते. मास्तर तोंडात टाचण्या धरून बोलत होते.

"डॉक्टर, परवा पोटाची सोनोग्राफी केली. यकृतात चरबी साठलीय म्हणे. असेना का! यकृत वेगळं, हृदय वेगळं. तुमच्या खात्याशी आपला काही संबंध नाही!"

"संबंध नाही?" डॉक्टर अर्ध्या बाहीतच वळले. "अहो मास्तर, एकाच घरातल्या खोल्या आहेत त्या. एकीत पाणी झिरपलं की दुसरीची भिंत ओली होते. यकृतात चरबी साठलेल्या कितीतरी लोकांना यकृताआधी हृदयच दगा देतं. साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल तपासलंय?"

"मला कसली साखर! कंबर बघा, चौतीस!"

"बघतोच," म्हणत डॉक्टरांनी मास्तरांच्याच गळ्यातला टेप काढला आणि बेंबीवरून फिरवला. "एक्केचाळीस."

वहिनींचं मशीन थांबलं. मास्तरांच्या तोंडातल्या टाचण्या खाली पडल्या. पस्तिशीसुद्धा न पाहिलेली कंबर एकदम चाळिशीपार! संतापाने त्यांच्या तोंडून निघून गेलं, "टेप चुकतोय!"

"टेपचं काय ते तुम्ही बघा," डॉक्टर म्हणाले. "उद्या सकाळी उपाशीपोटी रक्त द्या, आणि मग माझ्याकडे या. टाळू नका." आणि कोट उतरवून ते गेले.

कॅशियरसाहेब मात्र बाकावरून ताडकन उठले. त्यांचा चेहरा उजळला होता. "टेप चुकतोय? तरीच! मी म्हणतच होतो, माझी कंबर चाळीस कशी असेल!" आणि मास्तर काही बोलायच्या आत ते रस्त्यावर पोचलेसुद्धा.

मग काय विचारता! तासाभरात अख्खी बाजारपेठ दुकानासमोर. जन्मात कधी इतके आनंदी जाड लोक एका जागी जमले नसतील! औषधांचे दुकानदार म्हणाले, "मी उगाच महिनाभर पाव सोडला!" पोस्टमास्तर म्हणाले, "जाड म्हणाली म्हणून मी तर बायकोशी भांडलो!" सगळ्यांना आपापली पोटं निर्दोष सुटल्यासारखं वाटत होतं.

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत बँडपथकाचे प्रमुख आत आले. त्यांच्या सगळ्या वादकांचे गणवेश मास्तरांकडे शिवायला होते. वर्षातलं सगळ्यांत मोठं काम!

"मास्तर, टेप खोटा असेल तर आमची मापंही खोटीच. कापड परत द्या. दुसरीकडे शिवून घेतो."

एका पोटासाठी दुकानाचं नाव जाणार! मास्तर धावत शेजारच्या सुताराकडे गेले आणि त्याचा पोलादी टेप घेऊन आले. दोन्ही टेप टेबलावर शेजारी शेजारी लावले. केसाचाही फरक नाही!

"मग ही पँट?" मास्तर आतल्या खोलीत वहिनींसमोर उभे राहिले. "ही मी स्वतः चौतीसची शिवली. ती मला बसते. मग मी एक्केचाळीस कसा?"

वहिनी सुईत दोरा ओवत राहिल्या. सुईत दोरा आधीच होता.

मास्तरांना शंका आली. त्यांनी कंबरपट्टी उलटली. आत वेगळ्या दोऱ्याची बारीक, देखणी शिलाई होती. एक नाही, एकाशेजारी एक. हात ओळखीचा होता. शेवटची शिलाई तर अगदी काठावर होती. सोडायला आत कापडच उरलं नव्हतं.

"हे कधी केलंस?"

"इस्त्रीला न्यायचे तेव्हा."

"आणि मला सांगितलं नाहीस!"

"तुम्ही गिऱ्हाइकाला सांगता?"

"अगं, गिऱ्हाईक तुटतं म्हणून नाही सांगत!"

"मग मीही त्याच भीतीने गप्प बसले. चौतीस म्हणताना तुमचा चेहरा इतका खुलायचा!" वहिनींनी सुईवरची नजर वर केली. "पण मघाशी डॉक्टर हृदयाचं बोलले आणि मला समोरची सुई दिसेना झाली. गिऱ्हाईक गेलं तर दुसरं येईल हो. तुम्हाला काही झालं तर मी काय करू?"

मास्तरांनी बायकोच्या हातातली सुई काढून बाजूला ठेवली, डोळे पुसले, आधी तिचे आणि मग स्वतःचे, आणि सरळ बाहेर येऊन कापड बेतायच्या टेबलावर चढले. टेबल कुरकुरलं.

"बँडवाले, हा माझा टेप. मोजा मला! मोठ्याने सांगा!"

"एक्केचाळीस!" ढोल वाजवणाऱ्या माणसाचा आवाज तो; चौकापर्यंत गेला.

"आता सुताराचा टेप."

"एक्केचाळीस!"

"ऐकलंत? टेप बरोबर आहे. चुकलंय ते पोट!"

गणवेशांचं काम वाचलं, दुकानाची अब्रू वाचली. पण बाजारपेठेचा आनंद क्षणात मावळला. औषधवाले हळूच निघाले. पोस्टमास्तर बायकोची समजूत कशी काढायची या विचारात पडले. सर्वांत वाईट अवस्था कॅशियरसाहेबांची. कंबर कमी झाल्याच्या आनंदात त्यांनी मघाशी दोन आइस्क्रीम खाल्ली होती!

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी रक्त दिलं, छातीला वायरी लावून घेतल्या, धावत्या पट्ट्यावर धापा टाकत चालले. डॉक्टर म्हणाले, "हृदय अजून शाबूत आहे. साखर मात्र उंबरठ्यावर आहे. वजन उतरवा, रोज चाला. यकृतातली चरबी उतरेल आणि हृदयाचा धोकाही कमी होईल. वेळेवर आलात."

ही बातमी ऐकून वहिनी हसल्या, आणि त्याच दुपारी मशीनवर बसल्या. मास्तरांच्या एकूण एक पँटी त्यांनी पुन्हा चौतीसच्या करून टाकल्या. "आता सोडणार नाही. उतरायचं तर तुम्ही उतरा!"

त्यामुळे पहाटे फिरायला निघताना मास्तरांच्या अंगात एकही पँट चढेना. शेवटी नाडीचा जुना पायजमा घालून, एका हाताने नाडी सावरत, बाजारपेठेचे नामांकित शिंपी रस्त्यावर आले. नेमके समोरून कॅशियरसाहेब!

"हे काय मास्तर? दुकानात पँटीला कापड नाही की काय?"

मास्तर थांबले. सवयीने श्वास आत ओढला, मग सोडून दिला.

"कापड भरपूर आहे हो," ते म्हणाले. "मीच जरा जास्त झालोय!"