पोटातला वारा

जिनगोंडा मिस्त्री भेटला की आधी तुमच्या कपाळाला हात लावणार आणि मगच "काय मास्तर?" म्हणणार. "तापलेल्याशी वाद न्हाय घालायचा," हे त्याचं तत्त्वज्ञान. "माणूस असू दे, न्हायतर इंजिन."

मंगळवार पेठेत माझ्या घराला लागून त्याचं लेथचं दुकान. पेठेत घरोघरी केबल येत होती, त्या दिवसांत हा मागच्या शेडमध्ये विमान बांधत होता. शेडमध्ये पंख मावेनात, म्हणून ते माझ्या बोळात आडवे पडले होते. आमची मंडळी त्यांवर पापड वाळत घालायची. त्यालाही काही हरकत नव्हती.

इंजिन अपघातातल्या मोटारीचं. ते आठ मिनिटांत उकळायचं आणि मिस्त्रीला हवी होती वीस. राधानगरीपलीकडचं त्याचं गाव विमानाने वीस मिनिटांवर, असा त्याचा हिशोब. तिथे त्याला अक्काला न्यायचं होतं. अक्का म्हणजे थोरली बहीण. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं. तिला एसटी सोसायची नाही, म्हणून लहानपणी त्याने शब्द दिला होता, "तुला इमानातनं न्हेतो की!" आता अक्काची नजर पार गेली होती. शब्द तेवढा शिल्लक होता.

त्याने मोटारीचा रेडिएटर लावला, मग ट्रॅक्टरचा. थर्मोस्टॅट काढून फेकला. आमच्याकडच्या मेकॅनिकांचा तो पहिला उपचार. इंजिन उकळतच राहिलं. जो तो सांगायचा, मागची सीट काढा, तिथे मोठा रेडिएटर बसवा.

"मग उडायचं कशाला?" असं म्हणून मिस्त्री पाना आपटायचा.

एका सकाळी अक्का चाचपडत शेडमध्ये आली आणि इंजिनजवळ थबकली.

"गुडगुडतंय रं. पोटात वारा धरलाय त्याच्या. ओवा दे."

मी हसलो. मिस्त्री हसला नाही. पाण्याच्या पाइपाला वरच्या अंगाला एक वाक होता, तिथे हवा अडकून पाणी फिरत नव्हतं. त्याने तिथे बारकी तोटी बसवली आणि उघडली. फुस्स झालं. त्या दिवशी तापाचा काटा पंचवीस मिनिटं जागचा हलला नाही.

खंडेनवमीला इंजिनाची पूजा झाली. कानटोपी घातलेल्या अक्काला त्याने मागच्या सीटवर बसवलं, चाकांना दगड लावले आणि इंजिन सुरू केलं. पंख माझ्या बोळातच होते.

"रंकाळा गेला, अक्का!" मिस्त्री ओरडला. इंजिनाच्या पंख्याचा वारा तिच्या तोंडावर येत होता. "भोगावती आली बग!" मग विसाव्या मिनिटाला, "गाव आलं."

नेमकी तेव्हाच माझ्या स्वयंपाकघरातली फोडणी पंख्याने शेडमध्ये ओढून आणली. अक्काच्या जैन नाकाला ती चुकणार थोडीच!

"एवढ्या वर लसूण कुणी घातला रं फोडणीला?"

मिस्त्रीची मान खाली गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अक्काने मागून हात पुढे केला, चाचपडत त्याचं कपाळ शोधलं आणि हात तिथेच ठेवला.

"ताप न्हाय," ती म्हणाली. "बंद करू नगंस. परतीची वीस मिन्टं हायत की अजून."