काकहाक आणि अण्णांची राहिलेली इच्छा

"काकू, आज कावळा येणार म्हणजे येणार! लिहून देतो!"

सर्वपित्री अमावास्येच्या दिवशी, लालबागमधल्या आपल्या चाळीच्या गच्चीवर उभा राहून शंतनूने ही घोषणा केली, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर समुद्रावर पूल बांधून नुकत्याच परतलेल्या इंजिनिअरचे समाधान होते. हातात काळ्या मखमलीत गुंडाळलेली, नारळाएवढी एक पेटी होती. तिचे नाव 'काकहाक'!

शेजारच्या ललिताकाकूंनी पेटीकडे पाहिले आणि त्यांचे डोळे भरून आले. कावळा हा त्यांच्यासाठी थट्टेचा विषय नव्हता. गेल्या वर्षी त्यांचे यजमान, म्हणजे साऱ्या चाळीचे अण्णा, वारले. दहाव्या दिवशी पिंड ठेवला आणि कावळा शिवेना! मुलगा वरद हात जोडून वचनांमागून वचने देत सुटला. "अण्णा, आईला सांभाळीन! अण्णा, तुमचा रेडिओ दुरुस्त करीन! अण्णा, मी रोज लवकर उठेन!" कावळे समोरच्या कठड्यावर चौकशी समितीसारखे बसून हे सारे ऐकत राहिले, जागचा एकही हलला नाही. अखेर गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि विधी उरकला. विधी उरकला, पण काकूंचे मन तिथेच अडकून राहिले. ह्यांची कोणती इच्छा राहिली असेल? वर्षभर त्या हाच एक प्रश्न उशाशी घेऊन झोपत होत्या.

काकूंच्या या दुःखातूनच शंतनूला धंदा सुचला, असे म्हटले तर ते क्रूर वाटेल. पण त्याच्या मनात खोट नव्हती. तो लोअर परळच्या एका ऑफिसात नोकरी करी आणि संध्याकाळी मोबाइलवर उद्योजकतेचे वर्ग ऐके. वर्गातल्या सरांचे सांगणे एकच होते: जवळच्या माणसाचे दुखणे शोधा, त्यावर उपाय काढा आणि तो ऑनलाइन विका.

यापूर्वी त्याने दोन उपाय काढले होते. पहिला, बाटलीबंद सोलकढी. ऐन मे महिन्यात बाटल्या गॅलरीत रचून ठेवल्या आणि त्या दुपारी दिवाळीतल्या फटाक्यांसारख्या फुटू लागल्या! दोरीवर वाळत असलेले अण्णांचे पांढरेशुभ्र लेंगे कायमचे गुलाबी झाले. दुसरा उपाय म्हणजे डास पळवणारी हर्बल धूपकांडी. डास बसल्या जागी राहिले. दुपारची झोप घेणाऱ्या अण्णांना मात्र धुराने घुसमटल्यामुळे चौघांनी खाटेसकट खाली नेले. दोन्ही वेळा अण्णांनी उजवा तळवा उगारला होता. "थांब, तुझ्या टाळक्यात एक ठेवूनच देतो!" आणि दोन्ही वेळा काकूंनी तो हात वरच्या वर धरला होता. "जाऊ द्या हो, लेकरू आहे!"

काकहाकची गोष्ट निराळी होती. ऑफिसमागच्या पिंपळावर एके दुपारी शेकडो कावळे जमून एकमुखाने ओरडत होते. शंतनूने तो कोलाहल मोबाइलवर टिपून घेतला, घाऊक भावाने आणलेल्या स्पीकरांत भरला आणि कावळ्यांना आपलेपणा वाटावा म्हणून त्यांवर काळ्या मखमलीचे कव्हर चढवले. इंटरनेटवर पान उघडले. 'काकहाक! एक कळ दाबा, पितर तृप्त!' आणि काय आश्चर्य, पितृपक्षात खरोखरच मागणी आली! गिरगाव, दादर, शीव! आदल्या दिवशी त्याने मागणीतली शेवटची पेटी कुरिअरने रवाना केली, आणि त्याच भरात राजीनाम्याचा मसुदाही लिहून ठेवला.

"बंद करायची कळ कुठाय?" पेटी उलटीसुलटी करीत त्याची बायको स्पृहा म्हणाली.

"ठेवलीच नाही! लोक उतावळे असतात गं. कावळा यायच्या आत कोणी बंद केलं, तर आपल्याला शिव्या! बॅटरी संपेपर्यंत वाजणार."

"आणि बॅटरी किती चालते?"

"दणकट आहे!" शंतनू अभिमानाने म्हणाला.

तर मंडळी, गच्चीवर पान मांडले होते. वडे, खीर, भोपळ्याची भाजी, आमसुलाची चटणी. काकू हात जोडून उभ्या. वरद नवी वचने मनात जुळवीत उभा. शंतनूचे वडील रमाकांत गळ्यात उपरणे अडकवून, 'मुलाने या वेळी तरी अब्रू राखावी' अशा मुद्रेने उभे. शंतनूने पेटी दोन्ही हातांनी डोक्यावर धरली आणि कळ दाबली.

पहिल्या क्षणी काहीच घडले नाही.

दुसऱ्या क्षणी टाकीवर एक कावळा आला. "आला! आला!" वरद ओरडला. मग दोन आले. मग दहा. मग आकाशाच्या त्या कोपऱ्यातून, परळच्या दिशेने, कुणीतरी काळे घोंगडे झटकावे तसा एक थवाच उठला! गच्चीवर ऐन दुपारी संध्याकाळ झाली!

"एवढे कशाला बोलावलेस रे?" रमाकांतांच्या तोंडचे पाणी पळाले.

पण पाहुणे पानाकडे ढुंकूनही पाहीनात. ते शंतनूभोवती घिरट्या घालू लागले, आणि त्यांच्या ओरडण्यात जेवणाचा आनंद अजिबात नव्हता.

"अण्णा रागावलेत!" वरद हात जोडून म्हणाला. "अण्णा, मी सिगारेट सोडतो!"

"तू सिगारेट ओढतोस?" काकू किंचाळल्या.

"अण्णा, तुमचं घड्याळ मीच हरवलं होतं! अण्णा, मला ट्रेकला सोडलंत ना, तो ट्रेक नव्हता, गोवा होता!"

कावळे वाढतच होते. वरदच्या पोटातून आता शाळेपासूनचे गुन्हे बाहेर पडू लागले. स्पृहाने डोक्यावर ताट धरले आणि नवऱ्याला जोरात विचारले,

"हा आवाज रेकॉर्ड केलास तेव्हा ते कावळे काय करत होते?"

"काही नाही गं! झाडाखाली एक पिल्लू पडलं होतं. एक माणूस ते फडक्यात उचलून नेत होता, आणि हे सगळे जमून त्याला..."

 शंतनूने मान वर करून आपल्या हातांकडे पाहिले. दोन्ही हातांत काळे, मऊ, आणि कावळ्याच्याच आवाजात टाहो फोडणारे काहीतरी होते!

"टाक ते!" स्पृहा ओरडली.

त्याने पेटी टाकली. ती घरंगळत गेली आणि पाण्याच्या उघड्या पिंपात पडली. बुडबुडे आले, एक अखेरची घोगरी काव आली, आणि सारे शांत झाले.

पण एका दांडग्या, मानेवर करडा पट्टा असलेल्या कावळ्याचे अजून समाधान झाले नव्हते. तो टाकीवरून नेम धरून सरळ खाली आला आणि त्याने शंतनूच्या टाळक्यात चोचीचा असा काही टोला हाणला, की 'टक्' हा आवाज सर्वांनी ऐकला!

"आई गं!" शंतनू मटकन खाली बसला.

कावळा मात्र शांतपणे उतरला. दोन उड्या मारून पानापाशी गेला, मान वाकडी करून काकूंकडे पाहिले, एक अख्खा वडा उचलला आणि ऐटीत उडून गेला. मग दुसरा आला. तिसऱ्याने खिरीत चोच बुडवली.

  काकूंनी एकदा रिकाम्या झालेल्या पानाकडे पाहिले, एकदा शंतनूच्या टाळक्याकडे, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचे वर्षभराचे मळभ हळूहळू विरत गेले.

"अगंबाई!" त्या पुटपुटल्या. "एवढंच राहिलं होतं होय हो तुमचं! आणि मीच मेली दर वेळी तुमचा हात धरत होते!"

त्या चक्क हसू लागल्या. हसता हसता पदराने डोळे पुसू लागल्या. मग शंतनूजवळ बसून त्यांनी त्याच्या टेंगळावर गार पाण्याचा हात ठेवला. "पोरा, तुझे उपकार कसे फेडू? लिहून दिलंस तसंच झालं बघ!"

शंतनूच्या छातीत अभिमानाची एक लहानशी लाट उसळली. काही झाले तरी कावळा शिवला होता! पान घेतले होते! काकहाक यशस्वी होती!

त्याच वेळी त्याचा फोन वाजला. दादरहून होता. "अहो काकहाकवाले, हे बंद कुठून करायचं? गुरुजी संडासात जाऊन बसलेत!" तो ठेवतो न ठेवतो तोच शीवहून. तो चालू असतानाच गिरगावहून, आणि त्या फोनवर बोलणाऱ्या बाईंपेक्षा कावळेच जास्त बोलत होते. आज सर्वपित्री! साऱ्या पेट्या याच घटकेला वाजत होत्या, आणि एकीच्याही जवळ पिंप असल्याची खात्री नव्हती!

शंतनूने पांढऱ्याफटक चेहऱ्याने फोन खाली ठेवला. समोर रमाकांत उभे होते. त्यांनी गळ्यातले उपरणे शांतपणे काढून वरदच्या हातात दिले आणि उजवा तळवा उगारला.

"अण्णांना त्यासाठी मरावं लागलं," ते म्हणाले. "माझी इच्छा मी जिवंतपणीच पुरी करून घेतो!"

शंतनूने मोठ्या आशेने काकूंकडे पाहिले.

काकूंनी या वेळी हात धरला नाही.